घोंगडी, माळरान आणि शहराची हद्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंतिम वर्षाच्या प्रकल्पात फॅशन, जैवविविधता आणि नगररचना या तिन्ही गोष्टी एकाच शाश्वत साहित्याच्या आधाराने जोडायच्या आहेत. मार्गदर्शकांनी तीन पर्याय सुचवले आहेत, बुरशीपासूनचे चामडे, बांबूचे कापड आणि बाटल्यांपासूनचे पॉलिएस्टर. यांतला कोणता घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी? कॉलेज पुण्यात आहे.

माझे उत्तर: तिन्ही बाजूला ठेवा आणि दख्खनी मेंढीची लोकर घ्या. मी शिकलो वास्तुरचना, पण पुढे लोकरीच्या कामात पडलो. घोंगडीच्या लोकरीपासून जाकिटे, पिशव्या, आसने आणि इमारतीत आवाज शोषणारी पॅनल करवून घेणे हा माझा रोजचा उद्योग आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघड आहे; तो धरूनच वाचा.

आधी तुमच्या तीन पर्यायांचे. बाटल्यांचे पॉलिएस्टर म्हणजे शेवटी प्लास्टिकच. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि बाटलीची निदान पुन्हा बाटली होऊ शकते, जाकिटाची होत नाही. बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असते: बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या घातक रसायनातून काढून केलेला धागा. बुरशीचे चामडे मला आवडते, पण ते अजून प्रयोगशाळेच्या आणि भांडवलाच्या हातात आहे. बोल्ट थ्रेड्स या अमेरिकी कंपनीचे ‘मायलो’ मोठमोठ्या ब्रँडच्या साथीने गाजले आणि २०२३ मध्ये पैशांअभावी थांबले. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या तिघांना पत्ता नाही. हे साहित्य कोणत्या जमिनीवरून आले, तिथे कोणता पक्षी अंडी घालतो, तिथून कोण हुसकावले जाते, याचे उत्तर मिळत नाही. मग प्रकल्पात जैवविविधता उरते ती एका पानावर काढलेल्या पानाफुलांच्या नक्षीपुरती.

दख्खनी लोकरीला पत्ता आहे. सांगोला, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, फलटण, इंदापूर, संगमनेर. सह्याद्रीच्या पाठीमागचा, पावसाने पाठ फिरवलेला पट्टा. दख्खनी ही महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणात पसरलेली जात. आपल्याकडे तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे पोटप्रकार आहेत. मेंढी काटक, रंगाने बहुतेक काळी, मैलोन्‌मैल चालणारी. लोकर वर्षातून दोनदा कातरतात. भागाप्रमाणे महिने बदलतात. एका मेंढीची वर्षभराची लोकर साधारण अर्धा किलो. धागा मेरिनो या मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीच्या धाग्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जाड आणि मध्ये पोकळ केसही बरेच. म्हणून ती टोचते.

हे टोचणे हाच डिझाइनचा पहिला प्रश्न आहे, आणि माझ्या मते बहुतेक डिझायनर त्याचे उत्तर उलटे शोधतात. ते दख्खनी लोकरीत परदेशी मेरिनो मिसळतात, थोडी मऊ करतात आणि ‘देशी लोकर’ असे लेबल लावून शाल विकतात. भारतात बारीक लोकर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येते आणि इथली जाडी लोकर बांधावर टाकून दिली जाते, ही तर मूळ दुखरी जागा. तिच्यावर मेरिनोचे मलम लावण्यात काय अर्थ? जाड लोकरीला जाडच काम द्या. मऊ शालीची तिच्याकडून अपेक्षा करू नका, तिच्यासाठी पश्मिना आहे. अंगाला थेट न लागणारा बाहेरचा थर, पिशवी, टोपी, पादत्राणाचा वरचा भाग, बसायचे आसन, जमिनीवरचे अंथरूण, भिंत, छत ही तिची ठिकाणे. ‘जावळाची घोंगडी’ ऐकली असेल: कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती त्यातल्या त्यात मऊ आणि म्हणून महाग. गळ्याजवळ लागणाऱ्या पट्टीला तेवढी जावळाची लोकर वापरता येते. विणकरांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

घोंगडी हे स्वतःच अतिशय विचारपूर्वक केलेले वस्त्र आहे. पावसाळ्यात डोक्यावरून खोळ करून घेतली की रेनकोट, रात्री अंथरूण किंवा पांघरूण, देवापुढे आसन, भाकरी खायला बैठक. शिवण नाही, मापाचा प्रश्न नाही, कापून वाया जाणारी चिंधी नाही. तिची लांबी अजून हातांत मोजतात, दहा हाती, बारा हाती. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती कुंच्याने चोपून बसवतात, मग खड्डामागावर विणतात. नवी घोंगडी ताठ असते आणि वास मारते तो या खळीमुळे आणि लोकरीतल्या तेलामुळे. दोन धुण्यांत ती बसते. सूत बहुधा धनगर बायका कातत, विणकाम सणगर आणि खुटेकर धनगर करत. आज कातणाऱ्या बहुतेक साठीच्या पुढच्या आहेत. तुमच्या प्रकल्पाला मुदत आहे तशी या कौशल्यालाही आहे, एवढेच सांगतो.

आता जैवविविधतेकडे. इथे जरा थांबावे लागेल, कारण बहुतेकांच्या डोक्यात जैवविविधता म्हणजे झाडी. पुण्याच्या पूर्वेचे उघडे माळ बघून आपण सहज म्हणतो, इथे पूर्वी जंगल असणार, मेंढ्यांनी खाऊन टाकले. हा समज चुकीचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुने मराठी वाङ्मय, लोकगीते आणि दैवतकथा यांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांतून दिसते की पश्चिम महाराष्ट्राचा हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षे असाच आहे. तो बिघडलेले जंगल नाही, तो मूळचाच माळ आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून काढलेल्या नकाशानुसार अशा अर्धशुष्क मोकळ्या परिसंस्था भारताच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत. सरकारी नोंदीत यातला मोठा भाग ‘पडीक’ म्हणून चढतो. एकदा पडीक म्हटले की जमीन कशालाही द्यायला मोकळी.

त्या पडीक माळावर कोण राहते? लांडगा, खोकड, तरस, चिंकारा. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. झाडी वाढली तर त्यांना जागा उरत नाही. पावसाळ्यात चंडोल आकाशात चढून गातात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ मध्ये गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेल्या सरड्याची नवी जात जगाला कळली, तीही पवनचक्क्यांच्या गर्दीतून. त्याच पठारावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे सरडे वाढले, त्यांचे वागणेही बदलले. ‘हिरवे’ म्हणून जे जे येते ते माळाच्या हिताचेच असेल असे नाही, हे तुमच्या परीक्षकांना सांगायला हे उदाहरण चांगले आहे. वृक्षारोपणाचेही तसेच. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने पन्नास कोटी झाडांचा संकल्प केला. त्यातले पुष्कळ खड्डे माळावर खणले गेले, कारण रिकामी दिसणारी जागा तीच होती. टेकडीवर गिरिपुष्प लावून शहर हिरवे केल्याचा आनंद पुणेकरांनी कधीच घेतला आहे. त्याखाली गवत येत नाही, एवढे खाली वाकून बघितले की कळते.

मेंढी या सगळ्यात कुठे बसते? धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे त्यांचे तळ, दिवाळीच्या सुमारास देशावरून निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परततात. दख्खनी मेंढीला कोकणातला धो-धो पाऊस सोसत नाही. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. कळप एका जागी राहत नाही म्हणून गवताला सावरायला वेळ मिळतो. गवताच्या कुसळ्या लोकरीत अडकून पुढच्या गावी पडतात, म्हणजे मेंढी हे चालते बियाणे-वाहन आहे. लांडगा कधी कोकरू उचलतो, आणि ‘तो आपला वाटा घेतो’ अशा अर्थाचे बोलणे मी वाड्यांवर ऐकलेले आहे. हा सलोखा आदर्श नाही. नुकसान होते, चिडही येते. पण लांडगा आज जिथे टिकून आहे तो बराचसा माळ संरक्षित अभयारण्याच्या बाहेर आणि मेंढपाळांच्या सोबत आहे.

मेंढ्यांनी माळ खराबही होतो, हे लपवू नका. वाट बंद झाली, गायरान आकसले, की तोच कळप उरलेल्या तुकड्यावर वर्षभर चरतो आणि माती उघडी पडते. म्हणजे प्रश्न कळपाच्या आकाराइतकाच त्याच्या फिरण्याचा आहे. आणि कळपाचे फिरणे कोण अडवते? इथे नगररचना येते.

शहराच्या हद्दी, रिंगरोड, औद्योगिक वसाहती, विमानतळ यांची आखणी होताना नकाशावर नदी असते, जंगल असते, शेती असते. मेंढरांची वाट नावाचा थरच नसतो. सातबाऱ्यावर ‘गुरचरण’ अशी नोंद असलेल्या जमिनी सार्वजनिक कामासाठी सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले. तरी अतिक्रमण ही एक बाजू झाली. रीतसर, कागदोपत्री वळवल्या जाणाऱ्या गायरानांचे काय? सौर प्रकल्पांसाठी आता त्याच जमिनी जात आहेत. सौरऊर्जा हवीच. पण ती कारखान्याच्या आणि गोदामाच्या छपरांवर आधी का नको, हा नगररचनेचा प्रश्न आहे आणि तुमच्या प्रकल्पात तो यायला हवा.

नुसती मोठी रेषा ओढूनही भागत नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठीच्या अभयारण्याची घोषणा १९७९ मध्ये झाली तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, गावे, शेते, सगळे आत. लोकांची कामे अडली, राग माळढोकावर निघाला. पुढे ते सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. दरम्यान ऊस आणि द्राक्षे माळावर चढली, आणि माळढोक तिथून जवळजवळ नाहीसा झाला. रेषा कागदावर राहिली. याउलट पुणे वनविभागाने बारामतीजवळचे शिर्सुफळ आणि इंदापूरजवळचे कडबनवाडी इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लोक पैसे देऊन माळ बघायला येतात, ही मला बारीकशी पण आशेची गोष्ट वाटते. तिथे जाऊन या, शक्यतो पावसाळा संपता संपता, पवना आणि मारवेल ही गवते उभी असताना.

मग लोकर शहराला काय देते? इथे आकडेमोड करून दाखवतो, कारण बहुतेक प्रकल्प इथे ढिले पडतात. एका जाकिटाला समजा एक किलो स्वच्छ लोकर लागते. कातरलेली लोकर धुतल्यावर, धूळ, तेल आणि कुसळे गेल्यावर, साधारण दोन-तृतीयांश उरते असे धरा. म्हणजे दीड किलो कच्ची लोकर, म्हणजे तीन मेंढ्यांचे वर्ष. आता पन्नास चौरस मीटर छताचा एक वर्ग घ्या. आवाज शोषायला दोन सेंटिमीटर जाडीचे, नमद्यासारखे (न विणता तंतू दाबून केलेल्या जाड कापडासारखे) पॅनल, चौरस मीटरला दीड-पावणेदोन किलो. ऐंशी किलो स्वच्छ लोकर झाली. कच्ची एकशे वीस. मेंढ्या दोनशे चाळीस. म्हणजे एका वर्गाचे छत म्हणजे एका बऱ्यापैकी कळपाची वर्षभराची कातरण. शंभर जाकिटे विकायला तुम्हाला दोन प्रदर्शने आणि इन्स्टाग्राम लागेल; छताला एक वास्तुविशारद आणि एक कंत्राटदार पुरतो.

यातून माझे मत तयार झाले आहे: जाड लोकरीचे खरे गिऱ्हाईक इमारत आहे, अंग नव्हे. फॅशनचे काम वेगळे. लोक ज्याला ‘कसली ही खरखरीत घोंगडी’ म्हणत होते त्याला पुन्हा प्रतिष्ठा देणे आणि नवा दर ठरवणे हे फॅशनच करू शकते. गिऱ्हाइकाने एकदा जाकीट अंगावर घालून पाहिले की त्याच लोकरीची भिंत त्याला कमी प्रतीची वाटत नाही.

इमारतीसाठी लोकरीचे गुण खरोखर चांगले आहेत. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प धरते आणि तरी ओली वाटत नाही. प्लास्टिकसारखी वितळून ठिबकत नाही. पेट घ्यायला बरीच उष्णता लागते, ज्योत बाजूला केली की बहुधा विझते. वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली तिचा थर उष्णतारोधक म्हणून थर्माकोलच्या तोडीस तोड चालतो. पण दोन अडचणी आहेत. पहिली कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. कडुलिंबाच्या पाल्याने ट्रंकेतली घोंगडी जपता येते, छतातले पॅनल नाही. तिथे बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया लागते आणि ती नोंदवून ठेवावी लागते. दुसरी, ही लोकर हाताने लाटून नमदा करायला नाखूश असते. पोकळ, जाड केस एकमेकांत नीट गुंतत नाहीत. नीडल पंच यंत्रावर मात्र काम होते, कारण तिथे काटेरी सुया तंतू जबरदस्तीने एकमेकांत ओढतात. ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे; चाचण्या आणि यंत्र दोन्हींसाठी आधी तिथे विचारा. सार्वजनिक इमारतीत पॅनल लावायचे तर आगीच्या आणि ध्वनीच्या चाचणीचा अहवाल मागतातच. लोकर नैसर्गिक आहे म्हणून कोणी सूट देत नाही, आणि देऊही नये.

रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यात लोकरीची चटई हा आणखी एक उपयोग. ती पाणी धरते, तण दाबते आणि कुजताना नत्र सोडते. धुवायला न परवडणारी, पोटाखालची घाण लोकर यात जिरते. उताराची माती धरायला मात्र लोकर वापरू नका. काथ्याची जाळी तिथे स्वस्त आणि सिद्ध झालेली आहे. ग्रामीण रस्त्यांत तिचा वापर २०२० पासून सरकारी निकषांत बसवला आहे. कोकणातल्या काथ्याचे काम देशावरच्या मेंढीकडून करून घेण्यात शहाणपण नाही.

धुण्याविषयी एक सूचना. लोकर धुतलेले पाणी नाल्यात सोडलेत तर शाश्वत वगैरे शब्द परत घ्या. त्यात तेल आणि घामाचे क्षार असतात, नाल्यातल्या पाण्याचा प्राणवायू ते खातात. पण रिठ्याने धुतले असेल, डिटर्जंट नसेल, तर त्यातले पालाशचे (पोटॅशचे) क्षार शेताला चालतात. धनगर कातरणीआधी मेंढी पाण्यातून काढतात. निम्मी घाण तिथेच जाते. गावातच धुवून आणा, शहरात माती वाहून आणू नका. आणि कुसळे काढायला कारखान्यात गंधकाम्ल वापरतात, ते टाळा, हाताने विंचरा.

त्या विंचरण्यातच तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत चांगला प्रयोग आहे असे मला वाटते. एका कळपाची एक किलो लोकर घ्या, तिच्यातली प्रत्येक कुसळी आणि बी वेगळी करा, कागदावर चिकटवा, आणि काही बिया ट्रेमध्ये पेरा. जे उगवेल ते वनस्पतिशास्त्राच्या विभागाकडून ओळखून घ्या. तो कळप गेल्या काही महिन्यांत कोणत्या माळावरून गेला त्याची ती जिवंत नोंदवही होईल. दुसरी किलो शहराला खेटून चरणाऱ्या कळपाची घ्या. माझा अंदाज असा की पहिल्यात माळाची गवते असतील आणि दुसऱ्यात गोखरू नि गाजरगवत. फरक निघाला तर तो तुमच्या जाकिटाच्या लेबलवर छापा, कापसाची टक्केवारी छापतात तसा. मात्र त्या बिया उत्साहाने शहरातल्या मोकळ्या जागांत उधळू नका. गाजरगवताला आणखी वाहन देण्याची गरज नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ‘पशुपालकांचे उत्पन्न वाढेल’ हे वाक्य पुराव्याशिवाय येते. धनगराचे उत्पन्न कोकरे विकून आणि रानात मेंढरे बसवून येते. बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या दरापेक्षा जास्त पडते, म्हणून लोकर टाकून देतात. मटणाला भाव आहे म्हणून अनेकजण जवळजवळ लोकर नसलेल्या माडग्याळ मेंढीकडे वळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तीही मांसाच्या हिशेबाने. आणि तो हिशेब चुकीचा नाही. तुम्ही लोकरीला तिप्पट भाव दिलात तरी एका कळपाच्या वर्षाच्या उत्पन्नात तो छोटाच राहील. लोकर विकत घेऊन माळ वाचत नाही. वाट उरली तर माळ वाचतो, आणि माळ उरला तर लोकर येत राहते. क्रम हा आहे.

म्हणून प्रकल्पाचा नगररचनेचा भाग सजावट म्हणून शेवटी ठेवू नका, त्याच्यावर अर्धा वेळ घालवा. पुण्याच्या पूर्वेचा किंवा दक्षिणेचा एक पट्टा निवडा, सासवडकडचा चालेल. गावनकाशे आणि सातबारे काढून गुरचरण जमिनी रंगवा. मग एखाद्या वाड्याबरोबर, त्यांची परवानगी घेऊन, चाला आणि त्यांची खरी वाट, पाण्याची ठिकाणे, रात्रीचे मुक्काम नोंदवा. त्यावर प्रस्तावित रस्ते आणि वसाहती ठेवा. जिथे कात्री लागते तिथे डिझाइन करा: तीनशे मेंढ्या, दोन घोडी आणि कुत्री जाऊ शकतील असा रस्त्याखालचा मार्ग किती रुंद हवा, उजेड कुठून यावा, सोसायटीची कंपाउंड वॉल कुठे मागे घ्यावी, पाण्याचा हौद कुठे, उद्यान खात्याच्या लॉनऐवजी पवना-मारवेल कुठे. हे साधे प्रश्न आहेत आणि त्यांची रेखाटने मी अजून फारशी पाहिलेली नाहीत. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे कोणीही ठरावीक मुदतीत हरकत नोंदवू शकतो. तुमची रेखाटने जोडून हरकत द्या. परीक्षकांनी काय गुण दिले त्यापेक्षा त्या हरकतीवर सुनावणीत काय झाले हे मला ऐकायला आवडेल.

मदतीला कोण? पुण्यातली ‘अंतरा’ ही संस्था पशुपालक आणि दख्खनी मेंढीबरोबर पुष्कळ वर्षे काम करत आली आहे. ‘सेंटर फॉर पॅस्टोरॅलिझम’ देशभरच्या देशी लोकरीवर काम करते. कच्छची ‘खमीर’ संस्था काला कापूस आणि स्थानिक लोकर यांबाबत जे करते ते पाहण्यासारखे आहे: तिथे साहित्य, शेतकरी आणि विणकर यांना एकत्र धरले आहे. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष ठरवले आहे, त्यामुळे या विषयाला अनुदान मागणेही सध्या सोपे जाईल.

वाड्यावर जाताना दोन गोष्टी. सकाळी लवकर जा, कळप हलला की कोणाला बोलायला वेळ नसतो. आणि लोकर रोख पैसे देऊन, वजन करून घ्या. ‘नमुना’ म्हणून फुकट मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिथल्या लोकांना आधीच पुरेसे वैतागवले आहे. भाव बायकांना विचारा. कातणे त्यांचे असते आणि हिशेबही बहुधा त्यांच्याच तोंडपाठ असतो.

तुमचा वर्गमित्र विदर्भातला असेल आणि त्याला मेंढी नको असेल, तर त्याने गडचिरोली-भंडाऱ्याचा टसर, म्हणजे रानरेशीम, घ्यावा. ढिवर समाज ऐन आणि अर्जुनाच्या उभ्या झाडांवर अळ्या पाळतो, करवतकाठी साडी त्यातून येते, आणि झाड तोडले तर कोष नाही इतका सरळ संबंध आहे. मराठवाड्यातल्या कोणाला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लांब धाग्याचे देशी कापूस वाण बघता येतील, पीए २५५ आणि पीए ४०२ सारखे. १९४७ मध्ये भारतातला जवळजवळ सगळा कापूस देशी होता, आज तो औषधापुरता उरला आहे, त्यामुळे तिथे सांगण्यासारखे भरपूर आहे. पण तिथेही हीच रीत धरा: आधी जमीन आणि तिच्यावरची माणसे, मग तंतू, आणि त्यानंतर स्केचबुक.